तीन मिलिमीटर

विक्रीचे फोटो छापायला पाठवताना चारही बाजूंनी तीन मिलिमीटर जास्तीचं चित्र द्यावं लागतं. कापताना ते निघून जातं. मी फोटोच्या काठाचीच पट्टी उलटी करून तिथे जोडते.

गेर्लिंगेनच्या द्राक्षमळ्याच्या फोटोला अशी पट्टी जोडली, तर उजवीकडे हिरव्या छत्रीची कड आली. मूळ फोटोत छत्री नव्हती.

नवऱ्याला, यशपालला हाक मारली. त्याने स्क्रीनजवळ वाकून पाहिलं. "आईची आहे," म्हणाला.

सासूबाई मागच्या वर्षी इथे जर्मनीत आल्या होत्या. मी फोटो काढताना त्या उजवीकडे उभ्या राहून कॅमेऱ्यावर छत्री धरायच्या. छत्री लहान, त्यामुळे माझा डावा खांदा भिजायचा. "आई, तुमचाही काढते," म्हटलं की बाजूला सरकायच्या. "माझा कशाला? विकायचा फोटो आहे ना तुझा."

मार्चमध्ये नागपूरला त्या वारल्या.

मी बर्लिनचा एक फोटो उघडला, त्या जर्मनीत यायच्या आधीचा. पट्टी जोडली. उजवीकडे तीच छत्री, आणि दांड्यावर त्यांची बोटं.

"यामिनी, छापणाऱ्यांना सांग, काठ कापू नका," यशपाल हळूच म्हणाला.

मग आजचा फोटो उघडला, अर्ध्या तासापूर्वी भर पावसात काढलेला. लेन्सवर एकही थेंब पडलेला दिसत नव्हता.

"छत्री नेली होतीस?"

"दोन्ही हात कॅमेऱ्याला होते. छत्री कोण धरणार?"

यशपालने दारामागचं माझं जॅकेट चाचपलं. डावी बाही अजून ठिबकत होती. उजवी पूर्ण कोरडी होती.