तेरा आठवड्यांची लव

तेरा. मावशींनी पुन्हा दारापासून मोजलं. तेराच.

प्रदर्शनाच्या लांबलचक भिंतीवर दाराएवढे मोठे, जाड, मऊ पट टांगले होते. प्रत्येकाखाली चिठ्ठी होती. पहिला आठवडा, दुसरा आठवडा, असं करत तेरावा. त्यापुढे कोरी भिंत. मावशींच्या हिशेबाने तिथे बावन्न आठवडे असायला हवे होते.

मावशी सगळ्यांच्याच होत्या, सख्ख्या कुणाच्याच नव्हत्या. लाँड्रीतल्या कपडे वाळवायच्या मोठ्या यंत्रावर त्यांची बावीस वर्षं गेली होती. गिऱ्हाईकं त्यांच्याशी डागांपुरतं बोलत. घरी तर डागांविषयी बोलायलाही कुणी नव्हतं.

वर्षापूर्वी एका बुधवारी गुडघ्यांवर फाटलेली पँट घातलेली एक पोरगी लाँड्रीत आली आणि यंत्राच्या जाळीवर जमणारी लव मागू लागली. लव म्हणजे कपडे वाळताना झडणारे बारीक तंतू. त्यात केस, दोरे, खिशात राहिलेल्या कागदांचे कपटे. मावशी ती रोज खरवडून कचऱ्यात टाकत. पोरगी म्हणाली, मी कलाकार आहे, यातून काहीतरी करणार आहे. दिसायला चांगली आहे, पण वरचा मजला रिकामा दिसतोय, असं मावशींना वाटलं. मालक म्हणाला, नेऊ द्या, कचरा टाकायची तरी खेप वाचेल.

मग ती दर बुधवारी येऊ लागली. लवेची थैली घ्यायची, स्टुलावर बसायची, चहा प्यायची. मावशी बोलायच्या आणि ती ऐकायची. बावीस वर्षांचं साठलेलं, आटता आटायचं नाही. हळूहळू मावशींचा आठवडा बुधवारपासून सुरू होऊन बुधवारीच संपायला लागला.

गेल्या बुधवारी तिने हातात निमंत्रण ठेवलं आणि म्हणाली, मावशी, प्रदर्शन लागतंय, नक्की या. मावशी काय समजायचं ते समजल्या. गरज सरो, वैद्य मरो. आता पोरगी कशाला येतेय? निदान आपल्या हातची वर्षभराची लव भिंतीवर बघून घ्यावी, म्हणून त्या ठेवणीतले कपडे घालून, दोन बस बदलून आल्या होत्या.

आणि बघितल्यावर त्यांना भरून आलं होतं, हेही खरं. आठव्या आठवड्याचा पट निळसर होता. त्या आठवड्यात हॉस्पिटलचे पडदे आले होते. अकराव्यात एक लांब पांढरा केस वेटोळं घालून बसला होता. तो कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाईंचा, मावशींनी शपथेवर सांगितलं असतं. आपण कचऱ्यात टाकत होतो त्यात एवढी माणसं होती, हे त्यांना आज कळलं. पण पुढचे आठवडे कुठे गेले?

माहिती सांगणारा एक माणूस चार-सहा जणांना घेऊन शेजारी येऊन उभा राहिला. “यातले केस, दोरे, कागद, हीच खरी कलाकृती आहे,” तो सांगत होता. “चौदाव्या आठवड्यापासून लाँड्रीतलं कुणीतरी लव निवडून, साफ करून द्यायला लागलं. माणसांची खूणच उरली नाही. ती लव कलाकार बाईंच्या काही कामाची नव्हती. म्हणून हे काम तेराव्यालाच थांबलं.”

मावशींच्या पायाखालची जमीन सरकली. ते कुणीतरी म्हणजे त्याच. तेराव्या बुधवारी थैलीत हात घालताना पोरगीच्या बोटात टाचणी घुसली होती. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिऱ्हाइकाच्या हातात घाण माल द्यायचा नाही, एवढं एकच तर त्या बावीस वर्षांत शिकल्या होत्या. दुसऱ्याच दिवसापासून त्या चिमटा घेऊन बसल्या. केसन् केस वेचला, दोरान् दोरा काढला. पांढरी लव वेगळी, रंगीत वेगळी. बुधवारी थैली उघडून दाखवायच्या आणि पोरगी म्हणायची, वा मावशी, किती सुंदर.

म्हणजे एकोणचाळीस आठवडे ती बिनकामाचा माल नेत होती. आणि येत होती. मावशींना आधी लाज वाटली, मग राग आला. एकट्या बाईची कीव करायला येत होती तर. कुणी कीव करावी इतके वाईट दिवस अजून आले नव्हते.

त्या निघाल्याच होत्या, पण पोरगीने त्यांना पाहिलं. तिच्याभोवती ही गर्दी. हार-तुरे, फोटो, कौतुक. त्यातून वाट काढत ती आली आणि तिने मावशींचा हात धरला. मावशींनी तो सोडवून घेतला.

“लव वाया गेली हे मला का नाही सांगितलंस?” त्यांनी विचारलं. “नको असलेलं ओझं उचलायला एकोणचाळीस बुधवार कशाला आलीस?”

पोरगीने मागे वळून गर्दीकडे पाहिलं. मग ती इतक्या हळू बोलली की मावशींना पुढे वाकावं लागलं.

“हे सगळे आज आलेत, मावशी. एरवी आठवडाच्या आठवडा माझ्याशी कुणी बोलत नाही. तुम्ही एकट्याच ये, बस म्हणायचात. लव नको म्हटलं असतं, तर पुढच्या बुधवारी काय सांगून आले असते?”