उंबरा काढलेलं घर

घरांची सजावट करणाऱ्या एका गृहस्थाने स्वतःच्याच घराचा उंबरा काढला, भिंत पाडून सरकती काच बसवली आणि दिवाणखान्यातली फरशी तशीच थेट बागेत नेली. "घर कुठे संपतं आणि बाग कुठे सुरू होते, ते ओळखून दाखवा," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

"इतकंही एकजीव नको हो," बायको म्हणायची. तो ते हसण्यावारी न्यायचा.

एका सकाळी सोफा दवाने ओलाचिंब झालेला दिसला. बाहेरचं गवत मात्र ठणठणीत कोरडं होतं. काच तर रात्रभर बंद होती. त्याने गुपचूप सोफा पुसून घेतला.

पुढच्या सकाळी भिंतीवरचं घड्याळही भिजलं होतं आणि गालिच्यावरून एक गोगलगाय निवांत चालली होती. तो सोफ्यावर मटकन बसला. बसल्या बसल्या त्याच्या केसांवर दव उतरू लागलं.

काचेवर टकटक झाली. पलीकडे बागेत, झाडाखाली, बायको चहाचा कप घेऊन उभी होती.

"अहो, गारठ्यात बाहेर काय बसलाय? आत या."

"अगं, बाहेर तू आहेस!"

तिला ते ऐकू गेलं नसावं. त्याने धावत जाऊन दोन्ही हातांनी काच ओढली. ती हलेना. कडी त्याने हौसेने आतल्या बाजूला बसवून घेतली होती. आता ती बायकोच्या बाजूला होती.

"नाही ना यायचं? बसा मग तिथेच," ती म्हणाली आणि ऊन आत येऊ नये म्हणून तिने पडदा ओढून घेतला.