शालनचं मशीन

धोंडुबाईचा दीर वारल्यावर पुतण्यानं आपल्या आईला साखर तपासायचं मशीन आणून दिलं. तेव्हापासून धोंडुबाई दर सोमवारी उपाशीपोटी जाऊकडं, शालनकडं, जायची. शालनची सून दोघींची बोटं टोचायची आणि सासूचं बोट हातात धरून विचारायची, "दुखलं न्हाय न्हवं, आत्ती?"

धोंडुबाईची सून वारणानगरात, सणालासुद्धा तिचा फोन नसायचा. धोंडुबाईला बोटापेक्षा पोटातच जास्त दुखायचं. शालनची साखर एकशेवीस यायची, हिची अडीचशे.

"गोड सोडून वरीस झालं, तरी मलाच कशी?" म्हणत ती घरी येऊन नवऱ्यावर, आकारामवर, डाफरायची.

एका सोमवारी धोंडुबाईचा गुडघा धरला, म्हणून शालनच मशीन घेऊन आली. आकाराम बायकोच्या गुडघ्याला तेल चोळत बसला होता. धोंडुबाईची साखर निघाली एकशेतीस.

"बरी हायस की गं," म्हणत त्यानं बिनसाखरेचा चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी बायकोच्या हातात दिली.

शालन त्या बशीकडं बघत राहिली. मग तिनं आपलं बोट टोचलं.


मशीननं दोनशे साठ दाखवली.