एक हजार नऊ फरश्या

"आजी, आता तुम्हाला झेपत नाही," मुकादम म्हणाला. "या एक हजार नऊ फरश्या सारख्या रांगांत लावा. एकही सुटी उरली, तर उद्यापासून घरी बसा." साठीत मी नातीकडून भागाकार शिकले होते. फरशीच्या पाठीवर खडूने दोन, तीन, पाच, सात करत एकतीसपर्यंत भागून पाहिलं. दर वेळी काहीतरी उरलंच. आकडा कुणालाच दाद देईना. माझ्याच वळणावर गेलेला. सोबतीण कुजबुजली, "पाया पड त्याच्या." "गुडघे दुखतात," मी म्हटलं. मग फरश्या उभ्या करून एकीमागे एक लावत गेले, कोठाराच्या भिंतीपासून थेट मुकादमाच्या दारापर्यंत. शेवटची उंबऱ्यावर आली. दुपारी तो बाहेर येताना अडखळला. "हे काय?" "एकच रांग. या आकड्याला दुसरी मांडणीच नाही. मोजा." त्याने दोनदा मोजल्या. एकही उरली नव्हती. "उद्या लवकर येते, साहेब."