स्कोअरशीटची मागची बाजू

परळच्या मैदानावर मुलींची बास्केटबॉल सेमीफायनल संपली, पण कठड्यापलीकडून ओरडणाऱ्या एका बापाचं तोंड बंद होईना. रेफ्री नलिनीताईंनी त्याच्या लेकीला, म्हणजे कॅप्टनलाच, पाचव्या फाउलवर बाहेर बसवलं होतं. तेव्हापासून तो त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. आयोजकांचा नियम साधा: रेफ्रीला दिलेल्या शिव्या स्कोअरशीटमागे जशाच्या तशा लिहायच्या आणि कॅप्टनची सही घ्यायची. नलिनीताईंनी सगळ्या लिहिल्या. एकच गाळली, पोरीला वाचावी लागू नये म्हणून. “सही कर, बाळा,” त्या म्हणाल्या. “तुला काही होणार नाही. पप्पांना मात्र वर्षभर मैदानात बंदी.” “सही करू नकोस!” बाप मागून खेकसला. पोरीने ओळींवर बोट फिरवत कागद वाचला, पेन घेतलं आणि गाळलेली शिवी स्वतः लिहून खाली सही केली. “घरी आईला देतात ती राहिली होती, मॅडम.”