दहाच्या आतली मूळ संख्या

मी मटार सोलत होते. समोर सून पुस्तकातला प्रश्न मोठ्याने वाचत होती. “एक मूळ संख्या दहाच्या आत आहे आणि ती पाच नाही. ती विषमच आहे, हे सांगायला एवढी माहिती पुरेशी आहे का?” मग तिनेच उत्तर दिलं, “नाही.”

“अगं, मूळ संख्या विषमच असते!” आमचा इंजिनिअर लेक खेकसला. “रविवारी बँकेच्या परीक्षेला बसूच नकोस. फुकट हसं होईल.”

चार महिने पहाटे उठून अभ्यास केलेल्या सुनेने पुस्तक मिटलं. माझी शाळा चौथीतच संपली, पण असलं ऐकून गप्प बसणं मला जमत नाही.

“मूळ म्हणजे काय गं?”

“जिचे सारखे ढीग होत नाहीत ती, आई. एकेक सुटं ठेवलं तरच.”

मी दाणे मांडले. चाराचे दोन-दोन झाले. तिनाचे होईनात.

“नंद्या, आता या दोनाचे कर ढीग. एकेकच सुटतो ना? म्हणजे दोनही मूळच. आणि दोन विषम कधीपासून झाले रे?”

लेकाने दोन दाणे जवळ ओढले आणि एकेक सुटा ठेवून पाहिला.

“रविवारी हिला तूच स्कूटरवर सोडायचं,” मी म्हटलं, “आणि फाटकाबाहेरच थांबायचं. आत डोकं लागतं.”