दाराला टेकवलेला खराटा

२००९ साली फिनलंडमधल्या योएन्सू शहराच्या वाचनालयात व्हिडिओ गेममध्ये स्वतःची भर घालायला शिकवायचे. दुसऱ्या महायुद्धात सरहद्दीपलीकडे, रशियात गेलेले आमचे गाव माझ्या भावाने, विल्होने, आठवून आठवून त्यात उभे केले. आता त्याची पहिली स्क्रिप्ट, म्हणजे गेमला लिहून दिलेली सूचना, होती: जवळ गेले की घराचे दार उघडावे आणि आईने विचारावे, “आलास रे?” दार उघडेना. शिकवणारी नीना हसली, “आजोबा, स्क्रिप्ट बरोबर आहे हो! दाराला हा खराटा कशाला टेकवलात? तोच दार अडवतोय, काढा.” “आईनेच टेकवला, पोरी, निघताना. घरात कोणी नाही, याची खूण. कुलपं होती कुणाकडे!” “मग आतून बोलणार कोण?” विल्होने खराटा तसाच ठेवला आणि आईचे शब्द पुसले. नीना आता हेलसिंकीत गेम बनवते. विल्हो त्याच हिवाळ्यात वारला. त्या गावची मी एकटी उरले.